बाजार हवा, संघराज्य नको : ब्रेक्झिटच्या वादाची मुळे

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांनी ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपीय महासंघ सोडण्याचा, म्हणजेच ब्रेक्झिटचा, कौल दिला. पुढची साडेतीन वर्षे त्या देशाची संसद, न्यायालये आणि रस्ते याच एका वादाने व्यापले. बाहेरून पाहणाऱ्यांना हे भांडण अचानक पेटल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात युरोपशी असलेले नाते केवळ व्यापाराचे आहे की राजकीयही आहे, हा प्रश्न ब्रिटिश नेत्यांनी आपल्या जनतेपुढे कधीच सरळ मांडला नव्हता. माझ्या मते सगळे तिथूनच सुरू होते.

१९५१ साली फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एकत्र आणला. युद्धाची साधनेच सामायिक झाली, तर पुन्हा युद्ध होणार नाही, हा त्यामागचा विचार. याच सहा देशांचा युरोपीय समुदाय उभारणाऱ्या १९५७ च्या रोम कराराच्या प्रस्तावनेतच युरोपातील लोकांच्या अधिकाधिक घट्ट एकोप्याची भाषा आहे. व्यापार हे साधन होते, साध्य राजकीय होते. ब्रिटन मात्र युद्ध जिंकलेला देश होता, त्याच्यामागे राष्ट्रकुलाचा व्यापार होता. तो बाहेर राहिला. पुढे शेजाऱ्यांची भरभराट दिसू लागली, तेव्हा १९६१ मध्ये त्याने समुदायात प्रवेशासाठी अर्ज केला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ असा दोनदा नकार दिला. अखेर पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या काळात, १ जानेवारी १९७३ रोजी प्रवेश मिळाला. लोकांना सांगितले गेले ते ‘कॉमन मार्केट’, म्हणजे सामायिक बाजारपेठ. देशाच्या मूलभूत सार्वभौमत्वाला धक्का लागण्याचा प्रश्नच नाही, असे आश्वासन हीथ सरकारच्या १९७१ च्या श्वेतपत्रिकेत होते. प्रवेशाच्या कायद्यानेच युरोपीय कायद्याचा अंमल ब्रिटनमध्ये आला, तरीही.

दोनच वर्षांनी पहिले सार्वमत झाले, आणि ते का झाले हे विसरता कामा नये. पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांचा मजूर पक्ष युरोपच्या प्रश्नावर उभा दुभंगला होता. पक्ष वाचवण्यासाठी विल्सन यांनी निर्णय जनतेवर सोपवला आणि मंत्र्यांना एकमेकांविरुद्ध प्रचार करण्याची मुभा दिली. समाजवादी टोनी बेन आणि कट्टर राष्ट्रवादी इनॉक पॉवेल दोघेही ‘बाहेर पडा’ म्हणत होते. हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर ‘राहा’ म्हणत होत्या. ५ जून १९७५ रोजी ६७ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले.

मग बाजू बदलल्या. १९८३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात युरोपीय समुदाय सोडण्याचे वचन होते. पाच वर्षांनी, सप्टेंबर १९८८ मध्ये, युरोपीय आयोगाचे अध्यक्ष जॅक दलोर यांनी ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात येऊन कामगारांच्या हक्कांची हमी देणाऱ्या युरोपचे चित्र मांडले आणि सभागृहाने त्यांना डोक्यावर घेतले. त्याच महिन्यात आता पंतप्रधान असलेल्या थॅचर यांनी बेल्जियममधल्या ब्रूजच्या भाषणात ब्रुसेल्समधून चालणाऱ्या युरोपीय महासत्तेला विरोध जाहीर केला. डाव्यांचा संशय ओसरत गेला, उजव्यांचा वाढत गेला. फेब्रुवारी १९९२ मध्ये युरोपीय महासंघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्ट करार झाला. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला पौंड युरोपीय विनिमय दर व्यवस्थेतून, म्हणजे सदस्य देशांच्या चलनांचे दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर फेकला गेला. एका दिवसात व्याजदर १० वरून १२ टक्के केला, १५ टक्क्यांची घोषणाही केली, तरी पौंड सावरला नाही. हुजूर पक्षातील युरोपविरोधकांना याहून मोठा पुरावा नको होता. १९९३ मध्ये महासंघ सोडण्याची मागणी करणारी युनायटेड किंगडम इंडिपेंडन्स पार्टी, म्हणजे यूकेआयपी, स्थापन झाली.

सामान्य माणसाच्या दारात हा विषय आला तो २००४ नंतर. त्या वर्षी महासंघात दहा देश आले, त्यांतले बहुतेक पूर्व युरोपातले. त्यांच्या कामगारांना पहिल्या दिवसापासून दार उघडणारे मोठे देश फारसे नव्हते. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी ते उघडले. वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील हा सरकारसाठी केलेला अंदाज साफ चुकला, कारण इतर देशही दार उघडतील असे त्यात गृहीत धरले होते. पुढे २००८ चे आर्थिक संकट आणि त्यानंतरची सरकारी खर्चकपात आली. दवाखान्यातली रांग लांबली, घर मिळेनासे झाले, आणि राग नव्याने आलेल्यांवर वळला. जानेवारी २०१३ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सार्वमताचे वचन दिले. १९७५ सारखेच त्यांनाही स्वतःचा पक्ष सांभाळायचा होता.

मत कोणाला होते, हे मराठी वाचकांनी मुद्दाम पाहावे. राष्ट्रकुल देशांचे जे नागरिक ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहत होते, त्यांना मत देता आले. म्हणजे पुण्याहून वर्क व्हिसावर गेलेल्या, भारतीय पासपोर्टच्या इंजिनिअरला मत होते. तीस वर्षे तिथे राहिलेल्या फ्रेंच किंवा पोलिश माणसाला नव्हते. गोव्याची गोष्ट तर जास्तच बोचणारी आहे. पोर्तुगीज राजवटीत तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते. तो पासपोर्ट घेऊन हजारो गोवेकर इंग्लंडमधल्या स्विंडन, साउथॉल अशा ठिकाणी स्थायिक झाले. त्यांचे तिथले राहणे महासंघावर अवलंबून होते, आणि युरोपीय नागरिक असल्यामुळेच त्यांना मत नव्हते. स्विंडनने बाहेर पडण्याचा कौल दिला.

मतपत्रिकेवर प्रश्न एवढाच होता : महासंघाचे सदस्य राहायचे की महासंघ सोडायचा? सोडायचा तर कसा, याबद्दल तिथे अक्षरही नव्हते. नॉर्वेसारखे एकसंध बाजारपेठेत राहायचे, कॅनडासारखा व्यापार करार करायचा, की करारच नको? ‘सोडा’ म्हणणाऱ्या १ कोटी ७४ लाख मतदारांच्या मनात यांतले सगळेच पर्याय होते. म्हणूनच कॅमेरून यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी महासंघाशी केलेल्या कराराला कट्टर ब्रेक्झिटवादी आणि महासंघात राहू इच्छिणारे असे दोघेही विरोध करू शकले. १५ जानेवारी २०१९ रोजी तो संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. दुसऱ्या सार्वमतासाठी लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले. मे यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी संसद स्थगित केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांनी एकमताने ती कृती बेकायदा ठरवली. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन यांना बहुमत मिळाले आणि ३१ जानेवारी २०२० च्या रात्री ब्रिटन बाहेर पडला.

स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी, तर उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. उत्तर आयर्लंडची अडचण सर्वांत कठीण होती. तीन दशकांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार बळी गेल्यावर १९९८ चा शांतता करार झाला होता, आणि आयर्लंडच्या दोन भागांमधली सीमा जवळपास दिसेनाशी झाली होती. आयर्लंड महासंघातच राहिल्याने ती आता महासंघाची सीमा होणार होती, पण तिथे पुन्हा नाकी उभारणे कोणालाच नको होते. मग मालाची तपासणी उत्तर आयर्लंड आणि उरलेल्या ब्रिटनमधल्या समुद्रमार्गावर आली. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या युनियनवाद्यांना हा विश्वासघात वाटला; त्यांच्या बहिष्कारामुळे तिथले सरकार दोन वर्षे ठप्प राहिले. ब्रिटन आणि महासंघ यांच्यातल्या २०२३ च्या विंडसर आराखड्याने तपासण्या सौम्य केल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ही व्यवस्था चालू ठेवायची का यावर बेलफास्टच्या विधानसभेत मतदान झाले. ठराव मंजूर झाला, पण युनियनवादी सदस्यांनी विरोधात मत दिले, त्यामुळे चार वर्षांनी तोच प्रश्न तिथे पुन्हा मताला येणार आहे.