पणजीचा सुरुवातीचा इतिहास

पणजी ही गोव्याची राजधानी, मांडवीच्या दक्षिण काठावर, नदी समुद्राला मिळते तिथून जवळच. पण मुळात हे शहर नव्हतंच, ताळगाव या गावाची एक वाडी होती, म्हणजे माडांची बागायत, थोडी घरं आणि भरतीचं पाणी आत शिरणारी खाजनं, म्हणजे सखल जमिनी. नाव मात्र खूप जुनं, कदंब राजांच्या काळातल्या ११०७ च्या लेखात 'पहजनी खळी' असा उल्लेख सापडतो.

साधारण १५०० च्या आसपास विजापूरच्या युसुफ आदिलशहाने नदीकाठी एक मोठा राजवाडा बांधला, कारण मांडवीतून वर जाणारं प्रत्येक जहाज इथूनच जायचं. १५१० मध्ये पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला, त्यानंतरही पोर्तुगीजांची राजधानी होती ती नदीने वर गेल्यावर लागणारं जुनं गोवं, पणजी नुसता वाटेतला थांबा. लिस्बनहून महिनोन्महिने प्रवास करून आलेले खलाशी इथे उतरायचे, टेकडीवरच्या छोट्या चॅपेलमध्ये (१५४१ चं) सुखरूप पोचल्याबद्दल देवाचे आभार मानायचे आणि मग पुढे जायचे. त्याच जागी पुढे आजचं मोठं पांढरं चर्च उभं राहिलं.

१६३३-३४ मध्ये तेव्हाचा पोर्तुगीज व्हाइसरॉय, लिन्यारिसचा काउंट, याने पणजी ते जुन्या गोव्याच्या वाटेवरचं रायबंदर असा जवळजवळ तीन किलोमीटरचा दगडी सेतू बांधून घेतला, खाजनं आणि मिठागरांच्या मधून जाणारा. माझ्या मते पणजीचं नशीब खरं तर इथेच फिरलं, कारण दलदलीतून पायी, गाडीने जाता यायला लागलं, आणि हा रस्ता आजही रोज वापरात आहे!

तिकडे जुन्या गोव्यात रोगराईच्या साथी काही थांबेनात, माणसं मरत होती, जी वाचली ती सोडून जात होती. शेवटी १७५९ मध्ये व्हाइसरॉयच पणजीला आदिलशहाच्या राजवाड्यात राहायला आला, त्याच्या मागोमाग हळूहळू कचेऱ्या आणि बाकी लोकही आले. फोंताइन्हास, म्हणजे आज फोटो काढायला सगळे जातात ती रंगीत घरांची वस्ती, तीही आधी माडांची बागायतच होती. १८१८ मध्ये महालक्ष्मीचं देऊळ झालं, शेकडो वर्षं या भागात हिंदूंना उघडपणे पूजा करायला बंदी होती हे लक्षात घेतलं की ही गोष्ट किती मोठी ते कळतं.

खरं शहर वसवलं ते व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रो याने, १८२७ ते १८३५ या काळात. दलदल भरून घेतली, सरळ रस्ते आखले, बराकी, सरकारी इमारती बांधल्या, आज पणजीत फिरताना एकमेकांना काटकोनात छेदणारे रस्ते दिसतात ती त्याचीच आखणी. मग १८४३ मध्ये पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिच्या फर्मानाने 'नोव्हा गोवा' (नवा गोवा) या नावाने पणजी अधिकृत राजधानी झाली. १९८७ मध्ये गोवा राज्य झालं तेव्हाही राजधानी हीच राहिली.

जुन्या गोव्यातल्या पडक्या इमारतींचे दगडसुद्धा या नव्या शहराच्या बांधकामाला आले, आणि टेकडीवरच्या त्या पांढऱ्या चर्चच्या मनोऱ्यात १८७१ मध्ये जी मोठी घंटा बसवली ती जुन्या गोव्यातल्याच ऑगस्टिनियन (ख्रिस्ती साधूंच्या) मठाची.