अमेरिकेत लग्नाचे फोटो काढताय? हॉलला लागणारा विमा आणि कागदपत्रं

न्यू जर्सीत किंवा बे एरियात लग्नाची ऑर्डर घेतली की बऱ्याचदा हॉलकडून निरोप येतो: विम्याचं सर्टिफिकेट पाठवा, त्याशिवाय आत सोडणार नाही. हा सरकारी परवाना नव्हे. फोटोग्राफरनं असा विमा काढलाच पाहिजे, असा केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. अट असते हॉलच्या करारात, म्हणून ती प्रत्येक ठिकाणी वेगळी. यजमानांकडून करारातला व्हेंडरांबद्दलचा भाग आधी मागवून घ्या आणि सर्टिफिकेट कधीपर्यंत द्यायचं ते त्यात बघा.

हवा असतो तो जनरल लायबिलिटी विमा. सहसा एका घटनेसाठी १० लाख डॉलर आणि वर्षभराचे मिळून २० लाख डॉलर एवढं संरक्षण मागतात. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात आणि सगळे एकदम पुढे सरकतात. त्या गर्दीत तुमच्या लाइट स्टँडला अडखळून एखाद्या आजींचं मनगट मोडलं, तर भरपाईचा दावा तुमच्यावर येऊ शकतो. हा विमा त्यासाठी.

व्यवसाय स्वतःच्या नावावर असो की एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी), विमा दोघांनाही मिळतो. अर्जात व्यवसायाचं नाव, पत्ता, कामाचं स्वरूप, वर्षाचं अंदाजे उत्पन्न आणि मदतनीस किती, हे भरावं लागतं. एका कार्यक्रमापुरतीही पॉलिसी मिळते, पण नियमित लग्नं करणाऱ्यांनी वार्षिकच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांनी एक लक्षात ठेवा: विमा मिळाला म्हणजे शनिवार-रविवारी पैसे घेऊन फोटो काढायची मुभा मिळाली, असं होत नाही.

खरी गफलत होते ती सर्टिफिकेटवर. ते बहुधा 'अकॉर्ड २५' या फॉर्मवर येतं. खाली डावीकडे 'सर्टिफिकेट होल्डर'च्या चौकटीत हॉलचं नाव दिसलं की लोक निर्धास्त होतात. पण त्यानं हॉलला संरक्षण मिळत नाही. हॉलला 'अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड' करायला, म्हणजे तुमच्या पॉलिसीचं संरक्षण हॉललाही लागू करायला, मूळ पॉलिसीतच तशी तरतूद किंवा एंडोर्समेंट (पॉलिसीला जोडलेली पुरवणी) लागते. एजंटला ती स्पष्ट शब्दांत मागा. नावही करारातलंच द्या. पाटीवरचं नाव आणि मालक कंपनीचं नाव अनेकदा निराळं असतं आणि तेवढ्यावरून कागद परत येतो.

मेमरी कार्ड खराब होऊन फोटो गेले, तर हा विमा उपयोगाचा नाही. त्याला प्रोफेशनल लायबिलिटी, म्हणजे कामातल्या चुकांसाठीचा विमा लागतो. कॅमेरा चोरीला गेला तर इक्विपमेंट विमा. ड्रोन बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो. पगारी मदतनीस असेल तर वर्कर्स कॉम्पेन्सेशनचा (कामावर इजा झालेल्या कर्मचाऱ्यासाठीच्या विम्याचा) नियम राज्याप्रमाणे बदलतो: न्यू जर्सीत एका कर्मचाऱ्यासाठीही ते सक्तीचं आहे, टेक्ससमध्ये बहुतेक खासगी मालकांना ऐच्छिक.

सर्टिफिकेट एजंटकडून थेट हॉलच्या मॅनेजरला ईमेलनं जाऊ द्या. 'मिळालं, चालेल' असं लेखी उत्तर मागून घ्या आणि ते लग्नाच्या दिवशी फोनमध्ये हाताशी ठेवा.