पिळलेली गाडी ओळखताना

जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलात की चावी मागण्याआधी बॉनेटवर हात ठेवा. ते कोमट लागलं, तर तुम्ही पोचण्याआधीच इंजिन तापवून ठेवलंय. यात लबाडी असेलच असं नाही, पण मी तरी अशा वेळी 'उद्या सकाळी येतो, तोवर स्टार्ट करू नका' असं सांगून परत फिरेन.

इंजिन सगळ्यात जास्त बोलतं ते थंड असताना, पहिल्या काही सेकंदांत. व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सीलं कडक झाली असतील, तर रात्रभर थेंब थेंब ऑइल सिलिंडरमध्ये उतरतं आणि स्टार्टर मारताच सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक भपका येऊन विरून जातो. आधीच तापवलेल्या इंजिनात तो दिसणार नाही. पांढऱ्या वाफेला मात्र लगेच घाबरू नका. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. गार हवेत तीच वाफ धुक्यासारखी दिसते. इंजिन पुरतं तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) जळतंय. बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरच्या झाकणामधलं सील, गेलं.

आवाजाचंही तसंच. ताकदवान इंजिनांत बऱ्याचदा घडीव पिस्टन असतात. ते तापल्यावर जास्त फुगतात, म्हणून थंड असताना त्यांच्याभोवती फट थोडी जास्त ठेवलेली असते आणि सुरुवातीला टकटक ऐकू येते. इंजिन तापलं की ती थांबते, थांबली तर ठीक. पण तापलेल्या इंजिनाच्या तळातून जड ठोका येतोय, आरपीएमबरोबर वाढतोय, तर संशय बेअरिंगवर. मग भावाची बोलणी कशाला करायची?

टेस्ट ड्राइव्हला निळा धूर 'येतो का' यापेक्षा 'केव्हा येतो' हे बघा. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इनटेकमधला दाब खूप खाली जातो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (ज्या नळीत व्हॉल्व्हची दांडी वरखाली होते तिच्यातून) ऑइल आत ओढलं जातं. पुन्हा पाय दिला की भपका. चढावर जोर लावताना सतत धूर येत असेल तर पिस्टन रिंगा, नाहीतर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर. जोरात पळवून लगेच इंजिन बंद करायची सवय असलेल्या मालकाच्या गाडीत ते ऑइल तिथेच करपून बसतं. क्लचची परीक्षा सोपी आहे: वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, एकदम पूर्ण पाय. आरपीएमचा काटा उडाला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच स्लिप होतोय.

आता बाहेरून अजिबात न दिसणारी गोष्ट. मॅन्युअल गाडीत चालकाला पाचव्यातून चौथ्यात यायचं होतं आणि चुकून दुसरा पडला, तर काय होतं? आरपीएम एकदम मर्यादेबाहेर जातो. तो आवरणारा रेव्ह लिमिटर फार तर इंधन तोडतो. इथे तर चाकंच इंजिनाला फिरवत असतात; इंधन तोडून काय उपयोग? पिस्टनवरचा जडत्वाचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ७,००० वरून ९,००० ला गेल्यावर तो १.६५ पट होतो. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत आणि एखादा पिस्टनला टेकतो. त्या क्षणी इंजिन तुटलं नाही तर गाडी पुढे व्यवस्थित चालतेही, आतल्या दुखण्यासकट. पोर्शेच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, हे अतिरेकी फेरे टप्प्याटप्प्याने मोजून ठेवतो, आणि ते कितव्या इंजिन-तासाला झाले तेही. हे तास आणखी एका कामाला येतात. किलोमीटरना तासांनी भागा: ४०,००० किमी आणि ४,००० तास म्हणजे सरासरी ताशी १० किमी. गाडी आयुष्यभर ट्रॅफिकमध्ये अडकली नसेल तर मीटर मागे फिरवलंय.

ब्रेक डिस्कवर निळी झाक आणि बारीक चिरा दिसल्या तर गाडी ट्रॅकवर गेली असण्याची शक्यता मोठी. त्याने मी बिचकणार नाही. ट्रॅकच्या प्रत्येक वारीनंतर ऑइल बदललेली अशी गाडी, दहा वर्षं कव्हरखाली सील सुकवत उभ्या असलेल्या गाडीपेक्षा मी आधी घेईन. फक्त ब्रेक फ्लुइड कधी बदललं ते विचारा. डॉट ४ फ्लुइड कोरडं असताना किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग ही मर्यादा १५५° वर येऊ शकते. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दबतात आणि पॅडल जमिनीला टेकतं.

रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलीय का, हे रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने कळतं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. आकडा हजारावर गेला तर तिथे डेंटिंग झालंय.

शेवटी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले फॉल्ट वाचणारं यंत्र. 'एकही फॉल्ट नाही' हे वाचून थांबू नका, खाली रेडिनेसच्या चाचण्या, म्हणजे गाडी स्वतःच्या यंत्रणांच्या करते त्या तपासण्या, बघा. फॉल्ट पुसले की या चाचण्याही 'अपूर्ण' होतात आणि गाडी ठरावीक पद्धतीने चालल्यावरच पुन्हा पूर्ण होतात. सगळ्याच अपूर्ण दिसल्या तर स्मृती नुकतीच पुसलीय. 'बॅटरी काढली होती हो,' असं उत्तर येईल. खरंही असेल. मग आठवडाभर गाडी चालवून पुन्हा स्कॅनर लावायला विकणाऱ्याची हरकत नसावी.