‘सुचलं’च्या आधीचं

मराठीत कल्पना ‘सुचते’. मला सुचलं, तिला सुचलं. करणारा कोणीच नाही. क्रियापदाने घातलेला हा घोळ संस्कृत काव्यशास्त्राने फार पूर्वी ओळखला होता. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यनिर्मितीसाठी उपजत शक्ती मानली, पण तिच्या शेजारी लोकव्यवहार, शास्त्रं, काव्यं बघून येणारी निपुणता आणि जाणकारांच्या हाताखालचा अभ्यासही बसवला. वर बजावलं, की ही तीन कारणं नव्हेत, तिन्ही मिळून एकच कारण. युरोपात १९२६ साली ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने विचाराचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उजेड पडणं आणि पडताळणी. (‘मुरणं’ हा शब्द माझा. लोणच्याला चालतो, तर कल्पनेला का नको?)

पुण्यापुरतं बोलायचं, तर हे सगळं एकाच माणसात बघायला मिळतं: दामोदर धर्मानंद कोसंबी. हार्वर्डमध्ये शिकलेले हे गणितज्ञ १९३३ साली फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला आले. संख्याशास्त्राची पद्धत लावून बघायला त्यांना एखादा खराखुरा प्रश्न हवा होता. तो सापडला तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठसे ठोकून पाडलेल्या, प्राचीन नाण्यांत. हातोहात फिरणारं नाणं झिजतं, वजनाला हलकं होतं. मग वजनातल्या घटीवरून नाणं किती काळ चलनात होतं ते कळेल का? कोसंबींनी नाणी एकेक करून तोलली. ज्या नाण्यांच्या मागच्या बाजूला ठसे जास्त, त्यांचं सरासरी वजन कमी, असा मेळ निघाला.

खरी गंमत पुढे आहे. नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडली कोणी? त्यासाठी जुने ग्रंथ उघडावे लागले, ग्रंथांसाठी संस्कृत पक्कं करावं लागलं, आणि हा गणिताचा मास्तर भर्तृहरीच्या सुभाषितांत शिरला. शेकडो हस्तलिखितं ताडून केलेली त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ साली आली. अशा कामाला लागणारी हवा पुण्यात तयार होती. भांडारकर संस्थेत १९१९ पासून महाभारताच्या पोथ्या ओळीओळीने ताडल्या जात होत्या. ते काम १९६६ पर्यंत चाललं. अमुक एका दुपारी अमुक सुचलं, असं या साखळीत बोट ठेवून दाखवता येत नाही. प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाची उधारी ठेवून जात होतं.

१९४५ पासून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, घर मात्र पुण्यातच. डेक्कन क्वीनने जा-ये. उरलेला वेळ टेकड्या आणि आसपासच्या गावांची पायपीट. म्हसोबाच्या शेंदरी दगडापाशी, एखाद्या देवीआईच्या ठाण्यापाशी ते खाली बघत चालत, आणि मातीत अश्मयुगातली गारगोटीची बारीक हत्यारं मिळत. त्यातून त्यांनी मांडलं, की अशी कित्येक ठाणी आदिम माणसाच्या वाटांवर आहेत आणि पंढरीच्या वाटेचं मूळही त्या हंगामी भटकंतीत शोधता येतं. दिवे घाट आपण दर आषाढीला बघतो, फोटोही काढतो. त्यांनी पायाखालचे दगड बघितले.

पण एका शास्त्राची पद्धत दुसरीकडे लावायची हीच चाल त्यांना एकदा खड्ड्यातही घेऊन गेली. रीमानचं गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांबद्दलचं गणितातलं न सुटलेलं कोडं, संभाव्यतेच्या वाटेने सिद्ध केल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांच्या पडताळणीत टिकला नाही. त्यात त्यांची पत बरीच गेली, आणि १९६२ साली टाटा संस्थेने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्याच वर्षी देवदेवता, ठाणी आणि वाटांवरचे त्यांचे निबंध पुस्तकरूपाने बाहेर आले.