श्वासनलिकेत वस्तू अडकणे (लहान मुलांमध्ये)

खाताना किंवा खेळताना तोंडातली वस्तू अन्ननलिकेऐवजी श्वासमार्गात शिरून श्वास अंशतः वा पूर्ण बंद होणे. बोलीत याला 'घशात अडकणे', 'श्वास कोंडणे' असे म्हणतात. कोणत्याही वयात हे होऊ शकते, पण साधारण सहा महिने ते चार वर्षे हा काळ सर्वांत जोखमीचा. श्वास पूर्ण कोंडला तर काही मिनिटांतच मेंदूला इजा होते. त्यामुळे रुग्णवाहिका येईपर्यंत जे करायचे ते मुलाजवळच्या माणसानेच करायचे असते. हे माणूस बहुतेक वेळा डॉक्टर नसते. आजी, आजोबा, ताई किंवा पाळणाघरातल्या मावशी असतात. ही माहिती आधी त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवी.

बाळाची श्वासनलिका जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते. इतक्या अरुंद नळीत थोडी सूज आली तरी हवेला होणारा विरोध कित्येक पटींनी वाढतो. शिवाय मुलाच्या खोकल्यात मोठ्या माणसाच्या खोकल्याचा जोर नसतो. दातांचा क्रमही इथे आड येतो. पुढचे दात आधी येतात, दाढा नंतर. दुधाच्या सगळ्या वीस दातांचा संच पुरा व्हायला अडीच-तीन वर्षे लागतात. दीड वर्षाचे मूल शेंगदाणा पुढच्या दातांनी फोडते, पण तो दळू शकत नाही. फुटलेली टणक फाक तोंडात घेऊन ते धावते, हसते, रडते, आणि पुढच्या खोल श्वासाबरोबर ती फाक आत ओढली जाते.

भारतात मुलांच्या श्वासमार्गातून काढल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा वरच्या क्रमांकावर आहे. त्यातले तेल श्वसनमार्गाच्या नाजूक अस्तराचा दाह करते आणि दाणा ओलाव्याने फुगतो, म्हणून सकाळी अर्धवट असलेला अडथळा संध्याकाळी पूर्ण होऊ शकतो. फुटाणे, मक्याचे दाणे, चिंचोके, सीताफळाच्या बिया, सुपारीचे खांड हे याच जातीचे धोके. अख्खे द्राक्ष वेगळ्या प्रकारे घातक ठरते. ते गुळगुळीत आणि लवचिक असल्याने नळीत बुचासारखे घट्ट बसते. चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलाला अख्खे दाणे देऊ नयेत. दाण्याचा बारीक कूट चालतो. द्राक्षाच्या उभ्या चार फाका कराव्यात. गाजर उकडून मऊ करावे. सफरचंद किसून किंवा वाफवून द्यावे.

महाराष्ट्रातल्या बोरन्हाणाचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, गोळ्या ओततात आणि भोवतीची मुले ते वेचून खातात. सोहळा गोड आहे आणि तो सोडण्याचे काही कारण नाही. पण मुलांना धोकादायक असलेल्या जवळजवळ सगळ्या खाद्यवस्तू त्या एका सुपात असतात, आणि जमिनीवर बसलेले बाळ हाताला येईल ते तोंडात घालते. नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या वापरल्या, बाळ मांडीवर घेतले आणि उचलण्याआधी त्याच्या मुठी व तोंड पाहिले, तर हौस तशीच राहते आणि जोखीम बरीच कमी होते. धागा ढिला झालेल्या मनगट्यांचे काळे मणी आणि झबल्याला लावलेली सेफ्टी पिनही वेळोवेळी तपासावी.

न खाण्याच्या वस्तूंमध्ये नाणी, बटणे, खेळण्यातले छोटे दिवे, पिपाणीतली शिट्टी आणि फुगे येतात. फुटलेल्या फुग्याचा तुकडा नळीच्या आकाराप्रमाणे वळतो आणि सहज निघत नाही. बटणासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही खोल भाजते, म्हणून संशय आला तरी लगेच रुग्णालयात न्यावे. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर, म्हणजे साधारण सव्वा इंच व्यासाचे नळकांडे वापरतात. त्यात पूर्ण मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात चालत नाही. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तरी घरात थोरल्या भावंडाची खेळणी धाकट्याच्या हाती लागतातच.

अडकल्याची ओळख आवाजावरून होते. मूल जोराने खोकत असेल, रडत असेल, तर हवा जाते आहे. त्याला खोकू द्यावे. टाळूवर थोपटणे, पाणी पाजणे, पाय धरून उलटे टांगणे यांतले काहीही करू नये. उष्टावणानंतर बाळ घास ओकारीसारखा पुढे ढकलते, लाल होते, आवाज करते. ही शरीराने केलेली राखण आहे. खरे भय शांततेचे आहे. खोकला दुबळा झाला, रडणे ऐकू येईना, ओठ निळसर पडू लागले, की वाट पाहू नये.

वर्षाखालील बाळाला पालथे करून हातावर घ्यावे, जबडा व डोके हाताने आधारावे, डोके छातीपेक्षा खाली ठेवावे आणि दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये तळहाताच्या टाचेने पाच वेळा जोरात मारावे. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर पाच दाब द्यावेत. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. वर्षाच्या पुढच्या मुलाला पाठीवर पाच फटके आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्यावेत. पोटावरच्या झटक्यांची ही पद्धत अमेरिकी शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये मांडली; बाळांना ती करू नये, आतल्या अवयवांना इजा होते. मूल बेशुद्ध पडले तर सीपीआर (छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे) सुरू करावा. दुसऱ्या कोणाला 108 ला फोन करायला सांगावे. वस्तू डोळ्यांना दिसली तरच काढावी. अंदाजाने बोट घातल्यास ती आणखी खाली जाते. हे वाचून पुरे होत नाही, बाहुलीवर एकदा हात बसवावा लागतो.

दुसरी फसवी शांतता नंतर येते. ठसका थांबतो, मूल खेळू लागते आणि सगळे निश्चिंत होतात. प्रत्यक्षात वस्तू एखाद्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीत जाऊन बसलेली असू शकते. मग आठवडाभराने घरघर, ताप, न हटणारा खोकला सुरू होतो आणि दमा किंवा न्यूमोनिया समजून औषधे चालू राहतात. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. फार तर त्या बाजूला हवा कोंडल्याची खूण दिसते, तीही नेहमी नाही. निदान आणि उपाय दोन्ही दुर्बिणीने, म्हणजे श्वासमार्गात घालून आतले पाहायच्या नळीने (ब्रॉन्कोस्कोपी) होतात. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये गुस्ताफ किलियान यांनी 1897 मध्ये एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गातून हाडाचा तुकडा अशा प्रकारे काढला. पुढे अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन यांनी हे तंत्र घडवले. त्यांनी रुग्णांच्या घशातून व छातीतून काढलेल्या दोन हजारांहून अधिक वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात ठेवल्या आहेत.

पाळणाघरात नियम थोडे पण पक्के असावेत. मूल बसूनच खाईल, झोपून वा चालताना नाही. भरवताना हसवायचे नाही, रडत्या तोंडात घास द्यायचा नाही. खाण्याच्या वेळी एक मोठे माणूस फक्त तोंडाकडे लक्ष ठेवील. डब्यात दाणे किंवा फुटाणे आले तर ते परत जातील. आणि दिवसात मुलाला जोराचा ठसका लागला असेल, तर तो कशाने आणि किती वाजता लागला हे संध्याकाळी न्यायला आलेल्या आईवडिलांना सांगितले जाईल, मूल दारात हसत उभे असले तरीही. कारण पुढे खोकला आलाच, तर डॉक्टरांना दुर्बिणीचा विचार करायला लावणारी तीच एक गोष्ट असते.