नरसिंहाआधीची वीस वर्षं

जुलै २०२५मध्ये 'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट आला. पडद्यावर एकही स्टार नाही, तरी गल्ला ३०० कोटींच्या वर गेला. थिएटरात टाळ्या वाजवत भजन म्हणणाऱ्या प्रेक्षकांचे व्हिडिओ फिरले, आणि त्यात पोरांपेक्षा मोठी माणसंच जास्त दिसत होती.

या प्रेक्षकाची चाहूल स्टुडिओंना वीस वर्षांपूर्वीच लागायला हवी होती. ऑक्टोबर २००५मध्ये व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' चालला, तो पोरांबरोबर घरची मोठी माणसंही गेली म्हणून. स्टुडिओंनी मात्र अर्थ काढला, पोरांना देव आवडतात! मग २००७च्या 'रिटर्न ऑफ हनुमान'मध्ये मारुती माणसाच्या पोटी जन्माला येऊन शाळेत जाऊ लागला. पुढच्या वर्षी यशराज आणि डिस्नेने बोलणारा कुत्रा आणला, 'रोडसाइड रोमिओ'. तो आपटला.

त्याच वर्षी पोगो या पोरांच्या टीव्ही चॅनेलवर 'छोटा भीम' सुरू झाला. पोरांची करमणूक घरबसल्या होऊ लागली. मे २०१२मध्ये भीमाचा सिनेमा आणि महाभारतावरचा 'अर्जुन' आठवड्याच्या अंतराने लागले. 'अर्जुन' देखणा होता, गंभीर होता, मोठ्यांसाठी होता. पण कार्टून म्हटल्यावर मोठे फिरकले नाहीत, आणि पोरांना भीम पुरेसा होता. आपल्याकडचा हा सर्वांत अन्यायाने पडलेला ॲनिमेशनपट, असं मला अजूनही वाटतं.

अपवाद घडला तो २०१४मध्ये. गुरू गोविंदसिंगांच्या चार मुलांवरचा 'चार साहिबजादे' पाहायला शीख कुटुंबंच्या कुटुंबं गेली. गुरूंची भूमिका नटाने करणं शीख परंपरेत बसत नाही. त्यामुळे इथे ॲनिमेशन म्हणजे पोरखेळ नव्हता, तोच एक मार्ग होता.

दरम्यान 'डोरेमॉन', 'शिनचॅन' ही जपानी कार्टून बघून वाढलेली पिढी कमावती झाली. २०२३मध्ये जपानी 'सुझुमे' तिने थिएटरात जाऊन पाहिला, आणि सप्टेंबर २०२५मध्ये 'डीमन स्लेयर'साठी पहाटेचे खेळ लावावे लागले. कार्टून बघतो हे सांगायला या पिढीला लाज वाटत नाही. नरसिंहाला आजीआजोबांच्या जोडीला हाही प्रेक्षक तयार मिळाला.

'नरसिंह' आणणाऱ्या होम्बाळे फिल्म्स आणि क्लीम प्रॉडक्शन्सने अशा ७ चित्रपटांची मालिका जाहीर केली आहे. दर दोन वर्षांनी एक, पुढचा परशुराम, शेवटचा कल्की २०३७मध्ये. नरसिंह पाहताना ७ वर्षांचं असलेलं पोर तेव्हा १९ वर्षांचं असेल.