गोलरक्षकाच्या आकड्यात वाटा कोणाचा?

पिंपरीत नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियमवरून सामना पाहून परतताना गोलरक्षकाचा निवाडा प्रेक्षक वाटेतच करून टाकतात. चार गोल खाल्ले तर तो कच्चा, एकही नाही खाल्ला तर भक्कम. त्याच्यावर किती फटके आले आणि ते कुठून आले, हे सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी स्पर्धेत गोलच्या दिशेने आलेल्या प्रत्येक फटक्याची नोंद होते, म्हणून हा प्रश्न तिथे तपासून पाहता येतो. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडा पँथर्सच्या रॉबर्टो लुओंगो याच्यावर २,४७५ फटके आले आणि त्यांपैकी २,३०३ त्याने अडवले, म्हणजे ९३.१ टक्के. न्यू जर्सी डेव्हिल्सच्या मार्टिन ब्रोडरने ९१.७ टक्केच फटके अडवले, पण साठ मिनिटांमागे त्याने सरासरी २.०३ गोल दिले, तर लुओंगोने २.४३. सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना करंडक त्या वर्षी ब्रोडरला मिळाला. दोन मोजपट्ट्या, दोन वेगळी उत्तरे!

हे कसे घडते, ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, दोन गोलरक्षक अगदी तुल्यबळ आहेत. दोघेही लांबचे ९८ टक्के आणि जवळचे ८० टक्के फटके अडवतात. पहिल्याच्या संघाने हंगामात १,५०० लांबचे आणि ५०० जवळचे फटके येऊ दिले, तर दुसऱ्याच्या संघाने दोन्ही प्रकारचे ५००-५००. पहिल्याची टक्केवारी ९३.५ होते आणि तो १३० गोल खातो. दुसऱ्याची टक्केवारी ८९ वर येते, पण गोल मात्र ११०च होतात. कौशल्यात तसूभरही फरक नसताना एक जण टक्केवारीत पुढे आणि दुसरा गोलसंख्येत सरस ठरतो, आणि हा सारा फरक त्यांच्यापुढच्या बचावफळीने घडवलेला असतो. त्यामुळे अलीकडचे विश्लेषक प्रत्येक फटक्याचे अंतर, कोन आणि प्रकार पाहून त्यावर गोल होण्याची शक्यता आधी काढतात, आणि अपेक्षित गोलांपेक्षा गोलरक्षकाने किती कमी दिले, ते मोजतात. माझ्या मते हीच त्यातल्या त्यात न्याय्य पद्धत आहे.

अंतराला एवढे महत्त्व का, हे आपल्या मैदानी हॉकीत सहज कळते. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू १४ मीटर अंतर अर्ध्या सेकंदात कापतो, तर सात मीटर पाव सेकंदात. आणि डोळ्यांनी पाहून शरीर हलवायलाच माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. मैदानी हॉकीत गोल १४.६३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळातूनच करावा लागतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याला त्या वर्तुळाच्या कडेला रोखून धरणारा बचावपटू गोलरक्षकाला दुप्पट वेळ मिळवून देत असतो.

यात योगायोगाचाही वाटा आहेच. खरी क्षमता ९१ टक्के असलेल्या गोलरक्षकावर सामन्यात २५ फटके आले, तर निव्वळ नशिबाने त्याची टक्केवारी ८५ ते ९७ यांदरम्यान सहज हेलकावे खाते. हजार फटक्यांनंतरही जवळपास एका टक्क्याची चूक शिल्लक राहतेच. मैदानी हॉकीत तर फटके कमी असल्यामुळे एका स्पर्धेवरून कोणाला डोक्यावर घेणे किंवा मोडीत काढणे धाडसाचे ठरते.

मात्र बचावफळी आणि गोलरक्षक यांचे श्रेय पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. ब्रोडर जाळ्याबाहेर येऊन चकती (आइस हॉकीत चेंडूऐवजी हीच असते) स्वतःच पुढे ढकलत असे, त्यामुळे कित्येक हल्ले फटक्यापर्यंत पोहोचतच नसत. २००५ पासून एनएचएलने गोलरेषेमागे गोलरक्षकाला चकती खेळण्यासाठी एक समलंब चौकोन आखून दिला आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत त्याला मनाई केली. या नियमाला लोक ब्रोडरच्याच नावाने ओळखू लागले. पिंपरीच्या मैदानावरही गोलरक्षक ओरडून ओरडून बचावपटूंना जागा दाखवत असतो, आणि त्या आरोळीमुळे जो फटका मारलाच जात नाही, तो कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.